एपिंगचे बेल हॉटेल: आश्रयार्थींच्या निवाऱ्यावरचा पैसा कुठे मुरतो

लंडनच्या भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन ईशान्येला जिथे संपते, ते गाव म्हणजे एपिंग. गावाच्या कडेला मोठ्या रस्त्यावर ८० खोल्यांचे बेल हॉटेल आहे. एप्रिल २०२५ पासून तिथे ब्रिटिश सरकारने आश्रय मागणाऱ्या एकट्या पुरुषांना ठेवले. ऑगस्टपर्यंत त्यांचा आकडा १३८ च्या घरात गेला. जुलैत त्यांच्यापैकी एकाला १४ वर्षांच्या मुलीच्या लैंगिक छळाच्या आरोपाखाली अटक झाली. तो काही दिवसांपूर्वीच छोट्या बोटीतून इंग्लिश खाडी ओलांडून आला होता. पुढे त्याच्यावरचा गुन्हा सिद्ध झाला आणि त्याला शिक्षाही झाली. अटकेनंतर हॉटेलसमोर आठवड्यामागून आठवडे निदर्शने झाली, काही वेळा हाणामारी झाली, पोलीस जखमी झाले. एपिंगचा कारभार पाहणारी जिल्हा कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, हॉटेलचा हा वापर थांबवायला कोर्टात गेली. १९ ऑगस्टला लंडनच्या हायकोर्टाने हॉटेल रिकामे करण्याचा अंतरिम मनाई हुकूम दिला. दहा दिवसांनी, २९ ऑगस्टला, अपील कोर्टाने तो उठवला. ११ नोव्हेंबरला हायकोर्टाने कायमचा मनाई हुकूम द्यायला नकार दिला.

बातम्यांमध्ये हे प्रकरण स्थलांतरितांच्या बाजूचे विरुद्ध स्थानिकांच्या बाजूचे, असे रंगले. आमच्या मते ते मुळात सरकारी खर्चाचे आणि सरकारी कंत्राटाचे प्रकरण आहे. कोर्टात मात्र पैशांवर वाद झालाच नाही, कारण जो कायदा घेऊन कौन्सिल कोर्टात गेली त्यात पैशाला जागा नाही. म्हणून आधी पैशाचा माग काढू आणि मग कोर्टाकडे वळू.

सरकारवर ही जबाबदारी आली कशी

आश्रय मागितल्यापासून निर्णय होईपर्यंत माणसाला ब्रिटनमध्ये सहसा काम करता येत नाही. बारा महिने उलटले आणि उशीर त्याच्यामुळे झाला नसेल, तरच परवानगीचा अर्ज करता येतो, आणि परवानगी मिळाली तरी सरकारने ठरवलेल्या यादीतलीच कामे करता येतात. कमाई बंद, म्हणून निवारा सरकारकडे. १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम कायद्याचे कलम ९८ तातडीच्या तात्पुरत्या मदतीसाठी आहे आणि कलम ९५ पुढच्या मदतीसाठी. अर्जदार खरोखर निराधार आहे का, हे आधी तपासतात. तोवर तो कलम ९८ खाली असतो. तपासणी झाली की तो कलम ९५ खाली जातो आणि त्याला देशात कुठेतरी भाड्याचे घर किंवा घरातली खोली मिळते. लंडन आणि खाडीकाठच्या केंट परगण्यावर सगळा भार पडू नये म्हणून २००० पासून लोकांना देशभर विखरून ठेवायची पद्धत आहे. कुठे राहायचे हे अर्जदाराला निवडता येत नाही.

घर मिळाले तर एका माणसाला आठवड्याला ४९.१८ पौंड एका कार्डावर मिळतात. त्यातच जेवण, कपडे, बसभाडे, फोन. हॉटेलात तीन वेळचे जेवण मिळते, म्हणून तिथे हातात पडतात आठवड्याला ९.९५ पौंड, म्हणजे दिवसाला साधारण १.४२. ‘यांना सरकार पंचतारांकित ठेवते’ या वाक्यासमोर हा आकडा ठेवला पाहिजे. त्याचबरोबर, त्याच माणसासाठी सरकार हॉटेलच्या एका रात्रीला किती मोजते, हा दुसरा आकडाही ठेवला पाहिजे. २०२४-२५ मध्ये तो सरासरी १४५ पौंडांच्या आसपास होता, म्हणजे आपल्याकडचे सोळा-सतरा हजार रुपये. विखुरलेल्या भाड्याच्या घरात तोच खर्च रात्रीला २३.२५ पौंड येत होता.

बेल हॉटेलला नेमका कोणता दर मिळत होता ते आम्ही सांगत नाही. तरी देशाची सरासरी लावून हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १३८ माणसांची हॉटेलातली एक रात्र होते २०,०१० पौंडांची आणि वर्ष ७३ लाख पौंडांचे. तीच १३८ माणसे साध्या घरांमध्ये ठेवली तर वर्षाला ११ लाख ७१ हजार. ६१ लाखांहून जास्त पौंडांचा हा फरक त्या माणसांच्या खिशात जात नाही. तो जातो खोलीचे भाडे, बाहेरून येणारे जेवण, दारावरचे सुरक्षारक्षक, ने-आण आणि मधल्या कंपन्यांचा नफा यांत.

हॉटेलवाल्याच्या बाजूने पाहिले तर

बेल हॉटेल आश्रयार्थींसाठी पहिल्यांदा दिले गेले मे २०२० मध्ये, कोविडच्या काळात, आणि मार्च २०२१ पर्यंत तसे चालले. दुसऱ्यांदा ऑक्टोबर २०२२ ते एप्रिल २०२४. तिसऱ्यांदा एप्रिल २०२५ पासून. मधल्या काळात ते सामान्य गिऱ्हाइकांसाठी खुले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातल्या फक्त १ टक्का खोल्या भरल्या होत्या, असे मालकांच्या वकिलांनी कोर्टात सांगितले. ८० खोल्यांमध्ये १ टक्का म्हणजे रात्रीला एखादे गिऱ्हाईक.

कोविडनंतर इंग्लंडमधली अशी कितीतरी मध्यम दर्जाची, मुख्य शहरापासून लांबची हॉटेले याच अवस्थेत होती. सरकारी बुकिंगमध्ये सगळी इमारत एकदम जाते आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. गिऱ्हाईक शोधायला नको, जाहिरात नको, रोज चादरी बदलायला नकोत, रविवारी रात्री खोल्या रिकाम्या पडायची भीती नाही. सरकार ऐनवेळी लागतील म्हणून काही खाटा राखून ठेवते, त्यांचेही पैसे मिळतात. बुडत्या धंद्याला असा आधार मिळाला तर मालक तो घेणारच, आणि आमच्या मते त्यात त्याचा गुन्हा काही नाही. चूक आहे ती ज्याने या दराने इतकी वर्षे खरेदी केली त्याची.

कंत्राट: ४.५ अब्जांचे १५.३ अब्ज

ब्रिटनच्या गृहखात्याने, म्हणजे होम ऑफिसने, दिलेली निवाऱ्याची दहा वर्षांची कंत्राटे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. देशाचे सात भाग पाडून ते तीन कंपन्यांना वाटले. दक्षिण इंग्लंड आणि वेल्स क्लिअरस्प्रिंग्ज रेडी होम्सला. वायव्य इंग्लंड, मिडलँड्स आणि पूर्व इंग्लंड सर्कोला. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि ईशान्य इंग्लंड मिअर्सला. दहा वर्षांचा अंदाज होता ४.५ अब्ज पौंड. नॅशनल ऑडिट ऑफिस ही ब्रिटनची कॅग. तिने मे २०२५ मध्ये तोच अंदाज १५.३ अब्जांवर नेला. त्यात क्लिअरस्प्रिंग्जचा वाटा ७.३ अब्ज, सर्कोचा ५.५ आणि मिअर्सचा २.५.

या कंत्राटांत हॉटेल ही अडीनडीची सोय होती. घरे कमी पडली तर काही दिवस हॉटेल घ्यावे आणि घर मिळताच माणसाला हलवावे, असा हिशेब. मग कोविड आला. लोकांना घरांतून बाहेर काढणे थांबले, त्यामुळे जुने लोक जागा सोडेनात आणि नवे येत राहिले. पाठोपाठ छोट्या बोटींचा ओघ वाढला. २०१८ मध्ये २९९ माणसे अशी आली होती, २०२२ मध्ये ४५,७७४. पण नुसत्या आगमनाने हॉटेले भरली नसती. अर्जांवर निर्णय होणे त्याच काळात मंदावले. जून २०२३ अखेर पहिल्या निर्णयाची वाट पाहणारी माणसे पावणेदोन लाखांवर होती. सप्टेंबर २०२३ अखेर हॉटेलांमध्ये ५६,०४२ माणसे होती आणि हॉटेलांची संख्या ४०० च्या वर गेली होती. अडीनडीची सोय म्हणून घातलेले कलमच कंत्राटाचा मुख्य धंदा होऊन बसले.

या कंत्राटाची बांधणी इथे आडवी आली. पैसे माणशी, रात्रीप्रमाणे. माणूस दहा दिवस राहिला काय किंवा दोन वर्षे राहिला काय, कंपनीला त्याला लवकर साध्या घरात हलवण्यात फायदा नाही. साधे घर शोधायचे तर मालकाशी बोलणे, स्थानिक कौन्सिलला विचारणे, दुरुस्ती, आगीची तपासणी, सगळे करावे लागते. हॉटेल तयार मिळते आणि नफ्याचे प्रमाणही जास्त असण्याची शक्यता ऑडिट ऑफिसने नोंदवली आहे. सप्टेंबर २०१९ ते ऑगस्ट २०२४ या पाच वर्षांत तिन्ही कंपन्यांनी मिळून ३८.३ कोटी पौंड नफा कमावला, म्हणजे सरासरी ७ टक्के. क्लिअरस्प्रिंग्जचे संस्थापक ग्रॅहम किंग २०२५ मध्ये संडे टाइम्सच्या श्रीमंतांच्या यादीत अब्जाधीश म्हणून झळकले.

ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नफा झाला तर त्यातला हिस्सा सरकारला परत करावा, असे कलम कंत्राटात आहे. मे २०२५ मध्ये संसदेच्या गृहविषयक समितीपुढे क्लिअरस्प्रिंग्जने सांगितले की ३.२ कोटी पौंड परत द्यायला तयार आहोत. मिअर्सने १.३८ कोटींचा आकडा दिला. पैसे द्यायला कंपन्या तयार होत्या, पण होम ऑफिसचे हिशेब तपासणे पुरे झाले नव्हते. दंडाचेही तसेच. खराब सेवेबद्दल कापून घेतलेली रक्कम कंत्राटाच्या एक टक्क्याच्याही आत राहिली. पोटकंत्राटदारांवर तर नजरच तोकडी. स्टे बेल्वेडेअर हॉटेल्स ही पोटकंत्राटदार कंपनी ५१ हॉटेले चालवत होती. मार्च २०२५ मध्ये सरकारने तिला या कामातून काढले, तेव्हा अशी मधली फळी इतकी मोठी आहे हे अनेक खासदारांच्या लक्षात आले. ऑक्टोबर २०२५ च्या अहवालात गृहविषयक समितीने या सगळ्या कारभारावर कडक ताशेरे ओढले आणि अब्जावधी पौंड उधळले गेल्याचे म्हटले.

थोडी सुधारणाही झाली, ती सांगायला हवी. अनोळखी माणसांना एका खोलीत दोघे-तिघे असे ठेवायला सुरुवात झाली, त्यामुळे हॉटेलचा माणशी दर मार्च २०२३ च्या १६२ पौंडांवरून मार्च २०२५ मध्ये ११९ पर्यंत उतरला. हॉटेलांवरचा वर्षाचा खर्च २०२३-२४ च्या ३ अब्जांवरून २०२४-२५ मध्ये २.१ अब्जांवर आला, म्हणजे दिवसाला ८३ लाखांवरून ५७.७ लाखांवर. पण छळ, युद्ध, तुरुंग पाहून आलेल्या माणसांना महिनोन्‌महिने परक्या माणसासोबत एका खोलीत ठेवणे ही फुकटातली बचत नव्हे. त्याची किंमत दवाखान्यांत आणि भांडणांत निघते.

कोर्टात नेमका वाद कशावर होता

इंग्लंडमध्ये प्रत्येक इमारतीच्या वापराचा वर्ग ठरलेला असतो. हॉटेल सी-१ या वर्गात येते. वसतिगृह किंवा होस्टेल कोणत्याच वर्गात बसत नाही, ते स्वतंत्र धरले जाते. हॉटेलचे होस्टेल करणे हा ‘लक्षणीय वापरबदल’ ठरला तर कौन्सिलची नियोजन परवानगी लागते. बेल हॉटेलच्या मालकांनी २०२३ मध्ये अशी तात्पुरत्या वापरबदलाची परवानगी मागितली होती. त्या अर्जावर निर्णय झालाच नाही आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. २०२५ मध्ये तिसऱ्यांदा वापर सुरू करताना अर्ज केला नाही, कारण परवानगीची गरज नाही असे होम ऑफिसचे मत होते.

आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत महाग पडलेली चूक हीच. अर्ज केला असता तर सूचना लागली असती, शेजाऱ्यांचे आक्षेप कागदावर आले असते, सुरक्षेच्या अटी घालता आल्या असत्या, मुदत ठरली असती. कदाचित नकारही मिळाला असता, आणि त्यावर अपील करता आले असते. हे सगळे टाळल्यामुळे गावकऱ्यांना बोलायला कायदेशीर जागा उरली नाही. एपिंगमधल्या पालकांची भीती खरी होती, गुन्हा खरा होता, आणि त्यांना विश्वासात न घेता निर्णय झाला ही तक्रारही खरी होती. त्या तक्रारीवर बाहेरून आलेल्या आग लावणाऱ्या टोळ्यांनी आपली पोळी भाजून घेतली.

कौन्सिलकडे मार्ग कोणते होते? १९९० च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात एक शिडीच आहे. आधी कलम १७१-सी ची नोटीस देऊन मालकाकडून माहिती मागवायची. मग कलम १७२ ची अंमलबजावणी नोटीस, जिच्याविरुद्ध मालकाला नियोजन निरीक्षकाकडे अपील करता येते. घाई असेल तर कलम १८३ ची काम थांबवा नोटीस. आणि शेवटी कलम १८७-बी, म्हणजे थेट कोर्टातून मनाई हुकूम. एपिंग फॉरेस्ट जिल्हा कौन्सिलने अंमलबजावणी नोटिसीची पायरी न चढता शेवटची पायरी गाठली.

हा रस्ता अरुंद आहे हे आधीच दिसले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये इप्सविच कौन्सिलने असाच हुकूम मागितला होता, न्यायमूर्ती होलगेट यांनी तो पुढे चालू ठेवला नाही. हॉटेलात आश्रयार्थी ठेवले म्हणजे दर वेळी वापर बदललाच असे नाही, खोल्या, जेवण, मुक्कामाचा काळ असे सगळे पाहून ठरवावे लागते, असा त्या निकालाचा रोख होता. त्याच सुमारास ग्रेट यार्मथ कौन्सिलला मात्र यश आले होते. कारण तिथल्या स्थानिक आराखड्यात समुद्रकाठच्या पर्यटन पट्ट्यातली हॉटेले हॉटेलेच राहावीत, असे स्पष्ट धोरण होते. एपिंगच्या हाती असे नेमके शस्त्र नव्हते.

तरीही १९ ऑगस्टला न्यायमूर्ती आयर यांनी अंतरिम हुकूम दिला. मालकांनी अर्ज न करून लोकांच्या नजरेखालून जाणे टाळले, याला त्यांनी वजन दिले. १२ सप्टेंबरपर्यंत हॉटेल रिकामे करायचे होते. गृहमंत्र्यांना या खटल्यात सामील व्हायचे होते, ती विनंती त्यांनी फेटाळली. देशभरातल्या बऱ्याच कौन्सिलांनी लगेच आपापल्या हॉटेलांविरुद्ध कोर्टात जायची तयारी सुरू केली. अपील कोर्टात न्यायमूर्ती बीन, निकोला डेव्हिस आणि कॉब यांच्या खंडपीठाने हा निकाल तत्त्वातच चुकल्याचे सांगितले. निवाऱ्याची कायदेशीर जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनाच बाहेर ठेवले गेले होते. एक हॉटेल बंद केले की तितक्या जागा दुसरीकडे शोधाव्या लागतात, याचा विचार झाला नव्हता. आणि निदर्शनांमुळे हॉटेल बंद होते असा संदेश गेला तर आणखी निदर्शने, कदाचित आणखी हिंसा होईल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रॉदरहॅमजवळच्या एका हॉटेलाला आत माणसे असताना जमावाने आग लावायचा प्रयत्न केला होता, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती मोल्ड यांनी अंतिम नकार दिला. नियमभंग असलाच तर तो उघड उद्दाम म्हणावा असा नाही, नियोजनाच्या दृष्टीने झालेली हानी मर्यादित आहे, नेहमीची अंमलबजावणी नोटीस हा मार्ग कौन्सिलसमोर होता, आणि आश्रयार्थींच्या निवाऱ्याची गरज चालूच आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय.

या साऱ्या लढाईत एक पौंडही वाचला नसता, हे ध्यानात घ्या. हुकूम टिकला असता तरी १३८ माणसे दुसऱ्या हॉटेलात गेली असती, वर ने-आणीचा खर्च आला असता आणि घाईत घेतलेल्या खोल्यांचा दर बहुधा जास्तच पडला असता. राजकारणाचीही तऱ्हा पाहा. २०२० आणि २०२२ मध्ये हेच हॉटेल हुजूर पक्षाच्या सरकारच्या काळात वापरात आले, आणि २०२५ मध्ये खटला भरणारी कौन्सिल हुजूर पक्षाची होती. हॉटेले या संसदेच्या कारकिर्दीत बंद करू म्हणणारे मजूर पक्षाचे सरकार कोर्टात ते चालू ठेवण्यासाठी उभे राहिले. दोन्ही पक्षांना पर्याय सापडला नव्हता.

पर्याय शोधताना काय झाले

हॉटेल महाग, म्हणून मोठ्या छावण्या स्वस्त पडतील, हा तर्क ऐकायला सोपा आहे. तो करून पाहिला गेला. पोर्टलंड बंदरात बिबी स्टॉकहोम ही तरंगती निवासी बार्ज आणली, ५०० माणसांसाठी. ७ ऑगस्ट २०२३ ला पहिली माणसे चढली आणि चारच दिवसांत पाण्यात लेजिओनेला जिवाणू सापडल्यामुळे सगळ्यांना उतरवावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती बंद झाली. स्कॅम्प्टनच्या जुन्या हवाई तळावर सुमारे ६ कोटी पौंड घालून एकही आश्रयार्थी न ठेवता ती योजना सप्टेंबर २०२४ मध्ये गुंडाळली.

बेक्सहिलजवळच्या नॉर्थआय या जुन्या तुरुंगाचे प्रकरण तर जमीनखरेदीच्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. विकणाऱ्यांनी ती जागा ऑगस्ट २०२२ मध्ये ६३ लाख पौंडांना घेतली होती. होम ऑफिसने ती सप्टेंबर २०२३ मध्ये १ कोटी ५४ लाखांना विकत घेतली. इमारतींत अ‍ॅसबेस्टॉस आणि जमिनीत प्रदूषण असल्याचा इशारा खरेदीच्या काही महिने आधीच तांत्रिक अहवालात आला होता. दुरुस्तीचा अंदाज २ कोटींच्या वर. घाई इतकी की पूर्ण खर्च-लाभ प्रस्ताव तयार होण्याआधी निर्णय पुढे सरकत गेला. आश्रयार्थींच्या निवाऱ्यासाठी ती जागा शेवटी वापरलीच गेली नाही. ऑडिट ऑफिसने मार्च २०२४ मध्ये मोठ्या जागांचा एकूण हिशेब मांडला तेव्हा दिसले की त्या हॉटेलांपेक्षा ४.६ कोटी पौंडांनी महागच पडणार आहेत. कारण साधे आहे. जुन्या तळावर गटारे, वीज, दवाखाना, कुंपण, पहारा सगळे नव्याने उभे करावे लागते, आणि तो खर्च थोड्याच वर्षांत आणि थोड्याच माणसांवर वसूल करायचा असतो.

भलत्याच ठिकाणी पडलेला खड्डा

या वादात कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे विदेशी मदत. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या नियमानुसार, देशात आलेल्या आश्रयार्थींचा पहिल्या वर्षाचा खर्च श्रीमंत देश आपल्या विकास मदतीत धरू शकतात. ब्रिटनने तो धरला. २०२२ मध्ये ३.७ अब्ज पौंड, म्हणजे ब्रिटनच्या एकूण मदतीच्या २९ टक्के, देशातच खर्च झाले. २०२३ मध्ये ४.३ अब्ज. ज्या निधीतून दुष्काळी भागातल्या विहिरी, लसी आणि निर्वासितांच्या छावण्या चालतात, त्यातून इंग्लंडमधल्या हॉटेलांची बिले भागली. हॉटेलांचा खर्च दुसऱ्याच खात्याच्या मदत निधीतून भागत असल्यामुळे होम ऑफिसला काटकसरीची धग उशिरा लागली. हा हिशेबाचा नियम बदलला नाही तर पुढच्या वेळीही हेच होईल.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक खुलासा इथे आवश्यक आहे, कारण चर्चेत सगळ्यांची एकच मोट बांधली जाते. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्यांचा या पैशाशी काडीचाही संबंध नाही. त्यांच्या व्हिसावरच सरकारी मदतीला हक्क नसल्याची अट असते. उलट नोकरीच्या व्हिसावरचा माणूस आरोग्य सेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरतो, विद्यार्थी ७७६, आणि नोकरदाराचा करही वेगळाच. हॉटेलबाहेरच्या संतापाची झळ मात्र रस्त्यावर चालणाऱ्या कुणालाही लागते.

खर्च उतरायचा तर

मुळाशी आहे ती रांग. जून २०२५ अखेर पहिल्या निर्णयाची वाट पाहणारी माणसे ९०,८१२ वर आली होती, दोन वर्षांपूर्वीच्या मानाने जवळजवळ निम्मी. पण घाईघाईने दिलेल्या नकारांवर अपिले वाढली आणि मार्च २०२५ अखेर अपिलांचा ढीग सुमारे ५१ हजारांवर गेला. अपील चालू असेपर्यंत माणूस निवाऱ्यातच राहतो. म्हणजे गर्दी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, बिल चालूच. मुलाखत घेणारा प्रशिक्षित अधिकारी, अर्जदाराला सुरुवातीलाच वकील, आणि अपिलांसाठी पुरेसे न्यायाधीश, यांवर घातलेला पैसा हॉटेलच्या बिलातून लवकर सुटतो. उलट वकिली मदतीत काटछाट केली की अर्ज अपुरे येतात, नकार कच्चे पडतात आणि अपिलात टिकत नाहीत.

होकार मिळाला तरी प्रश्न संपत नाही. निर्वासित दर्जा मिळालेल्या माणसाला सरकारी निवारा सोडायला २८ दिवस मिळतात. एवढ्यात बँक खाते, नोकरी, घराची अनामत जमत नाही, मग तो कौन्सिलच्या बेघर विभागाच्या दारात उभा राहतो. ही मुदत डिसेंबर २०२४ पासून प्रयोग म्हणून ५६ दिवस केली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये एकट्या प्रौढांसाठी ती पुन्हा २८ वर आणली. होम ऑफिसचा खर्च असा कौन्सिलच्या अंदाजपत्रकात सरकतो आणि करदाता तोच राहतो.

कंत्राटातून लवकर बाहेर पडायचे कलम २०२६ मध्ये वापरता येते, नाहीतर कंत्राटे २०२९ पर्यंत चालतील. नव्याने बोलणी होतील तेव्हा तीन गोष्टी कागदावर याव्यात. हॉटेलातल्या मुक्कामाला ठरावीक दिवसांनंतर दर उतरता असावा, म्हणजे माणसाला घरात हलवण्यात कंपनीलाच रस राहील. नफ्याच्या हिशेबाची तपासणी दर वर्षी ठरल्या तारखेला पुरी व्हावी आणि जादा रक्कम पुढच्या बिलातून आपोआप कापली जावी. आणि घरे घेण्यासाठीचा भांडवली पैसा थेट कौन्सिलांना द्यावा. खासगी कंपनीला दहा वर्षे भाडे भरून झाल्यावर सरकारच्या हाती एक वीटही उरत नाही. कौन्सिलने घेतलेले घर आज आश्रयार्थीला आणि उद्या एपिंगच्याच घराच्या यादीत वर्षानुवर्षे थांबलेल्या कुटुंबाला देता येते.

दरम्यान ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने क्रोबरो आणि इन्व्हर्नेस इथल्या दोन लष्करी छावण्यांत मिळून सुमारे ९०० पुरुष ठेवण्याचे जाहीर केले. क्रोबरो पूर्व ससेक्समध्ये आहे, त्याच परगण्यात जिथे नॉर्थआयचा तुरुंग सरकारने घेतला होता. तिथल्या गटारांचा, विजेचा आणि पहाऱ्याचा खर्च माणशी किती पडतो, हा आकडा पहिल्या सहा महिन्यांतच संसदेने मागून घ्यायला हवा.